भुजंगराव आणि थोरली

भुजंगरावांसमोर 'चालतंय' हा शब्द काढायचा नाही, हे मी कारखान्यात लागलो त्या दिवशी मला कोणीच सांगितलं नाही. जालन्याच्या एमआयडीसीतला तो लोखंडाचा कारखाना. भंगार यायचं, भट्टीत वितळायचं आणि सळ्या होऊन बाहेर जायचं. मी गेटाजवळच्या वजनकाट्यावर कारकून. ट्रक काट्यावर उभा राहिला की आकडा वाचायचा आणि पावती फाडायची, एवढंच माझं काम. पहिल्याच सकाळी बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक उंच, काळसर माणूस काट्याच्या लोखंडी फळीवर चढून उभा राहिला आणि खिडकीतून मला म्हणाला, "किती?"

"सत्तर."

"काटा कसा हाय?"

"चालतंय," मी म्हणालो.

"चालतंय म्हंजे? चालून राह्यला का तुमी चालवून घेऊन राह्यले?"

मला प्रश्नच कळला नाही. तो माणूस काट्याच्या एका कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. "इथं किती?" मी म्हणालो साठ. दुसऱ्या कोपऱ्यावर गेला. "अन इथं?" तिथं आकडा पंच्याहत्तर. "म्हंजे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाऊस्तोवर मी पंधरा किलोनं वाढलो. अन तू म्हणतो चालतंय." त्यानंतर शिव्यांची जी सरबत्ती सुटली, ती ऐकायला रांगेतले ड्रायव्हर ट्रकमधून खाली उतरले. संध्याकाळी काटा दुरुस्त करणारा माणूस आला. तेव्हापासून रोज कामावर येताना भुजंगराव काट्यावर उभे राहायचे, "किती?" म्हणून विचारायचे, आणि मी आकडा सांगितल्यावरच आत जायचे. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि त्यांनी तो तसा कधी दाखवलाही नाही.

भुजंगराव शेळके परतूर तालुक्यातल्या आष्टीचे. आजा-पणजा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले, वडिलांनी शेती धरली, आणि हे दहावी होऊन थेट नेव्हीत गेले. तिथं ते स्टोकर होते, म्हणजे जहाजाच्या पोटात बॉयलर आणि इंजिनं सांभाळणारा खलाशी. "आज्यानं मेंढरं राखली, म्या बॉयलर राखले," ते म्हणायचे. "दोन्हीला रोज हात लावून पाहावं लागतं. लांबून पाहून काही समजत न्हाई." नेव्हीतून सुटल्यावर ते आमच्या कारखान्यात मेन्टेनन्सचे फोरमन झाले. कामगार त्यांना मामा म्हणत. मॅनेजर त्यांना समोर शेळकेसाहेब म्हणायचे आणि पाठीमागे जे म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यांची हत्यारं म्हणजे एक लांब स्क्रूड्रायव्हर आणि स्वतःचा उजवा कान. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "हिला तेल पाहिजे," किंवा "ही दिवाळी बघत न्हाई." कुरकुरणारी कोणतीही वस्तू त्यांना सहन व्हायची नाही. पार्किंगमधल्या दुसऱ्यांच्या मोटरसायकलींच्या चेनला ते न विचारता तेल सोडायचे. कित्येकांच्या पँटी त्यात खराब झाल्या आणि कित्येकांची भांडणं झाली. एकदा कँटीनवाल्याचा पंखा चालू असतानाच त्यांनी स्टुलावर चढून त्याच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर लावला होता. घरी मात्र उलटा प्रकार. त्यांच्या बायको एकदा कारखान्यात डबा घेऊन आल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, "आमच्या मोरीचा नळ पावसाळ्यापासून गळून राह्यलाय. अन हे जगाच्या मोटारी ऐकत फिरून राह्यले." भुजंगरावांनी ऐकलं, डबा घेतला, आणि नळ काही दुरुस्त केला नाही.

त्यांचं सगळं भांडण एका शब्दाशी होतं. आपल्याकडं कोणत्याही गोष्टीची विचारपूस केली की उत्तर येतं, चालतंय. पंप कसाय, चालतंय. पोराची शाळा कशीय, चालतंय. भुजंगराव म्हणायचे, या एका शब्दात दोन गोष्टी लपतात. एक, मशीन खरोखर चालून राह्यलं. दुसरी, मशीन मेलंय पण आपण चालवून घेऊन राह्यलो. आपण दोन्हीला एकच शब्द लावतो आणि मग आपल्यालाच समजत नाही की आपण कोणतं बोललो. "रशियात बी असाच एक शब्द हाय," ते सांगायचे. "नर्माल्ना. तब्येत कशी, नर्माल्ना. बॉयलर कसा, नर्माल्ना. चालतंयचा सख्खा भाऊ तो. त्या शब्दानं तिकडं थोरली खाल्ली."

थोरली हे एका जहाजाचं नाव. खरं नाव ते कधी घ्यायचे नाहीत. रशियाचं अणुशक्तीवर चालणारं क्रूझर, तोफा आणि क्षेपणास्त्रांनी भरलेलं, एवढं प्रचंड की शेजारून लाँचमधून जाताना मान वर करून पाहावं लागायचं. रशियात बनलेल्या जहाजांवर काम शिकायला आपल्या नेव्हीनं काही जणांना व्लादिवोस्तोकला पाठवलं होतं, त्यात भुजंगराव होते. तिथल्या खाडीत त्यांनी तिला पाहिलं. तिच्यावर चढायला बंदी होती. पण त्यांना शिकवणारा वालेरी नावाचा फिटर पूर्वी तिच्यावर काम करून आला होता, आणि हातवारे, मोडकं इंग्रजी आणि थोडी रशियन यांच्यावर त्यांचं बोलणं चालायचं. कँटीनमध्ये नवीन माणूस आला की भुजंगराव थोरली काढणार हे ठरलेलं. जुनी माणसं ताट उचलून दुसऱ्या बाकावर जायची. मी जायचो नाही, कारण काट्याची खोली सोडून बसायला मला ती एकच जागा होती.

"तिच्या पोटात दोन भट्ट्या," ते सुरू करायचे. "अणुभट्ट्या. आपल्याकडं बी दोनच हायत, एक नंबर अन दोन नंबर. फक्त तिच्या भट्टीत एकदा सरपण घातलं की वर्षानुवर्षं घालायचं काम न्हाई. साऱ्या दुनियेचा चक्कर मारून आली तरी तिला तेल मागायचं काम न्हाई. मंग ती मेली कशानं? सांगा."

नवीन माणूस म्हणायचा, लढाईत.

"लढाई बिढाई काही न्हाई. उभ्याउभ्या मेली."

मग ते समजावून सांगायचे. जहाज बंदरात आलं की त्याची मशिनरी झोपली पाहिजे. त्यासाठी धक्क्यावरून जहाजाला वीज द्यावी लागते, वाफ द्यावी लागते, म्हणजे जहाज आपली यंत्रं बंद करून त्यांना उघडून पाहू शकतं, पुसू शकतं. एवढी थोर जहाजं बांधली, कोणी तरी मोठ्या माणसानं फीत कापली, पण त्या खाडीच्या काठावर तिला वाफ देईल असा धक्काच बांधला नाही. मग ती दूर पाण्यात उभी राहायची आणि उभ्याउभ्या स्वतःची यंत्रं रात्रंदिवस चालवत राहायची. दिवे लावायला, गरम पाण्याला, माणसांना थंडीपासून वाचवायला. कुठं न जाता झिजायची. वालेरीनं वर कळवलं की यंत्रं थकली, उघडून पाहू द्या. वरून विचारलं, आता बंद पडली का? नाही पडली. मग नर्माल्ना. पुढं देशच मोडला, खलाशी गेले, पैसा गेला, आणि थोरली कितीतरी वर्षं नुसती बांधून पडली. तिच्याच साच्यातल्या बहिणींतली एक अजून गोदीत पडलीय, तिची दुरुस्ती इतकी वर्षं चाललीय की सुरू करणारी माणसं म्हातारी झाली.

"अमेरिकेनं तसलीच जहाजं बनवली, भरपूर," ते म्हणायचे. "अर्ध्या आयुष्यात सरपण बदलायची वेळ आली. पोट उघडलं, खर्चा पाहिला, अन सरळ बोलले, आपल्याला परवडत न्हाई, तोडा. जवान होती काही, तरी तोडली. मला वाईट वाटलं. पण त्यांनी खरं सांगितलं. सांभाळा, न्हाईतर बंद करा. मधलं काही न्हाई. मधलं म्हंजे माणसं मारायचा धंदा."

हे शेवटचं वाक्य ते ज्या आवाजात म्हणायचे, त्यात कँटीनमधल्या कोणाचा तरी घास हातात राहायचा. मग कोणी तरी विषय बदलायचा.

आमच्या भट्टीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. भट्टी म्हणजे तांब्याच्या जाड नळीचं उभं वेटोळं, आणि त्या नळीतून थंड पाणी सतत वाहतं. वेटोळ्याच्या आतून पांढऱ्या मातीचं अस्तर ठोकून बसवलेलं असतं. अस्तराच्या आत उकळतं लोखंड. लोखंड आणि पाणी यांच्यामध्ये तेवढं अस्तरच असतं, आणि दोन्ही भेटले की स्फोट. भट्टी भरून ओतली की ती एक खेप, आणि अस्तर प्रत्येक खेपेला थोडं झिजतं. ठरावीक खेपा झाल्या की भट्टी थंड करून अस्तर तोडायचं आणि नवं बसवायचं, म्हणजे तेवढे दिवस भट्टी बंद. अस्तर फार पातळ झालं तर वाजणारी एक घंटी भट्टीच्या मागच्या पॅनलमध्ये असते. ही सगळी माहिती आमच्या कारखान्यात झाडूवाल्यालाही होती. माहिती नव्हती म्हणून जे झालं ते झालं असं कोणी म्हणालं, तर मी त्याच्या तोंडावर सांगेन की खोटं बोलतोस.

दोन नंबरच्या भट्टीवर किसन होता. वाटूरकडचा. भट्टीच्या तोंडाशी बांधलेल्या उंच माचीवर उभा राहून लांब सळईनं भंगार आत ढकलायचं त्याचं काम. अंगात बाराही महिने तोच एक पिवळा टीशर्ट, गळ्यात टॉवेल. भुजंगरावांना छळायची त्याची एक ठरलेली पद्धत होती. सकाळी मामा काट्यावरून आत आले की हा वर माचीवरून ओरडायचा, "मामा, चालतंय!" आणि खालून जे यायचं ते ऐकून साऱ्या पाळीचे दात दिसायचे. भुजंगराव चिडायचे खरे, पण किसन ज्या दिवशी रजेवर असायचा त्या दिवशी ते माचीखाली उगाच थोडा वेळ थांबायचे. किसन त्यांची नक्कलही करायचा, हात कमरेवर ठेवून, डोळे मोठे करून. घरीसुद्धा करायचा, असं त्याच्या धाकट्या भावानं, नामदेवनं, मला पुढं सांगितलं.

आता भुजंगराव चुकले ती गोष्ट. ते देव नव्हते आणि मीही त्यांची आरती लिहायला बसलेलो नाही. ऑर्डरी तुंबलेल्या होत्या, दोन्ही भट्ट्या दिवसरात्र चालू होत्या. दोन नंबरची घंटी दोनतीनदा वाजली. भुजंगरावांनी कोणाला न विचारता मेन स्विच पाडला, स्विचपुढं खुर्ची टाकली आणि तिच्यावर बसून राहिले. मॅनेजर आले, ओरडले, मालकांना फोन लागला. भुजंगराव म्हणाले, "मला उचलून बाजूला करा, अन मंग स्विच लावा." त्यांना उचलायला कोणी पुढं आलं नाही. शेवटी भट्टी थंड केली, अस्तर तोडलं, आणि अस्तर चांगलं जाड निघालं. घंटीच खोटी वाजत होती, तिच्या वायरीत कुठं तरी दोष होता. साऱ्यांच्या देखत मॅनेजरांनी अस्तराचा एक तुकडा उचलला.

"पाहा शेळकेसाहेब. अजून पंधरा दिवस निघाले असते."

"जाड निघालं याचं तुम्हाला दुःख हाय का?" भुजंगराव म्हणाले. "घंटी खोटी वाजून राह्यली तर घंटी दुरुस्त करा."

घंटी दुरुस्त केली नाही. तिची तार काढून टाकली. तो अस्तराचा तुकडा मॅनेजरांनी आपल्या टेबलावर ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले, आमच्या नेव्हीवाल्याची करामत म्हणून. त्याच आठवड्यात मालकांचा निरोप आला की शेळकेंचं वय झालं, त्यांना भंगाराच्या यार्डात हलकं काम द्या. भट्टीकडं जायचं नाही. त्याच दिवसांत गेटासमोरचा 'सुरक्षा प्रथम' हा बोर्ड नव्यानं रंगवला. मी इतकी वर्षं तिथं होतो. वेळेवर देखभाल झालेली मी पाहिली ती फक्त त्या बोर्डाची.

यार्ड माझ्या खिडकीसमोर, त्यामुळं आता भुजंगराव मला दिवसभर दिसायचे. ते भंगाराच्या ढिगाऱ्यांतून फिरायचे. कधीतरी समुद्रकिनाऱ्यावर तोडलेल्या जहाजांच्या जाड पाट्या यायच्या, त्या दिवशी ते प्रत्येक पाटीवरून हात फिरवायचे. एका दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि मोबाईल पुढं धरला. परदेशातला व्हिडिओ होता. एक गंजून लाल झालेलं अजस्र जहाज दोनतीन छोट्या बोटी ओढत नेत होत्या.

"थोरली," ते म्हणाले. "तोडायला चालली."

मी काही तरी सांत्वनाचं बोललो. मला वाटलं ते हळवे होतील.

"रडायचं काय त्यात?" ते म्हणाले. "मेली तवा कोणी रडलं न्हाई. ही नुसती माती हाय. मला राग याचा येऊन राह्यला, का तिला मारणारं कोणी न्हाईच. कोणाला बी विचारा, प्रत्येक जण म्हणतो आपल्या पाळीत ती चालू होती." मोबाईल खिशात घालून ते परत यार्डात गेले.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. दोन नंबरचं अस्तर बदलायची वेळ आली आणि गेली. ऑर्डर होती. ठेकेदार म्हणाला, अजून खेपा निघतील. मॅनेजर म्हणाले, मागच्या वेळी पाहिलं ना, जाड निघालं होतं. अस्तराला आतून मातीचं ठिगळ लावायचे आणि पुढं चालवायचे. एके सकाळी किसन काट्याजवळून जाताना भुजंगरावांनी त्याला अडवलं. मी खिडकीत होतो.

"घंटी काय म्हणते?"

"तार तवाच काढलीय मामा. पुन्हा लावलीच न्हाई कोणी."

"अन अस्तर?"

किसननं गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं. नेहमीसारखा हसला नाही. "चालतंय मामा," म्हणाला आणि गेला.

भुजंगराव त्या दिवशी त्याच्यावर ओरडले नाहीत. ते मॅनेजरांच्या खोलीकडं गेले. तिथं काय झालं ते मला दिसलं नाही, पण आवाज काट्यापर्यंत आला, आणि नंतर वॉचमनला हुकूम मिळाला की शेळके यार्डाच्या बाहेर दिसले तर त्यांना घरी पाठवा.

दुपारी स्फोट झाला. अस्तर फुटलं, लोखंड वेटोळ्यात घुसलं आणि पाण्याला भिडलं. शेडचे पत्रे उडाले. मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा भुजंगराव यार्डातून धावत शेडकडं जात होते, त्या वयात, आणि बाकी सगळे उलट्या दिशेनं पळत होते. त्यांनी मेन स्विच पाडला म्हणून माचीवरचे बाकीचे दोघे भाजले तरी वाचले. किसनला आणलं तेव्हा मी त्या बाजूला पाहिलं नाही. तो संभाजीनगरच्या वाटेवरच गेला.

चौकशी लागली. अधिकारी आले, मॅनेजरांच्याच खोलीत बसले, मॅनेजरांचाच चहा प्याले. टेबलावर तो अस्तराचा तुकडा होता आणि मॅनेजरांनी तो त्यांनाही दाखवला. एकेक कामगार आत जायचा आणि जबाब देऊन बाहेर यायचा. वाचलेल्यांच्या जबाबात साधारण एकच मजकूर होता, की भट्टी व्यवस्थित चालत होती आणि किसननं ओलं भंगार टाकलं असावं. कोणी लिहून घेतला ते सांगायला नको. ज्यांनी सह्या केल्या त्यांची पोटं त्या कारखान्यावर होती, त्यांच्यावर माझा राग नाही. राग कोणावर आहे ते वाचणाऱ्याला समजतंय.

भुजंगरावांना मीच आत घेऊन गेलो, कारण त्यांनी साक्षीला काट्यावरचा माणूस पाहिजे म्हणून हट्ट धरला. मी दाराशी उभा राहिलो. त्यांनी सगळं सांगितलं, अस्तराचं, तारेचं, सकाळच्या बोलण्याचं. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, 'घटनेच्या वेळी भट्टी चालत होती.'

"हे खोडा," भुजंगराव म्हणाले.

"का? भट्टी चालूच होती ना?"

"चालत नव्हती. चालवून घेत होते. तसं लिहा."

"अहो, एकच अर्थ आहे."

"एकच असता तर मी कायको भांडून राह्यलो असतो? चालत होती लिहिलं तर भट्टी गुन्हेगार. न्हाईतर किसन गुन्हेगार. चालवून घेत होते लिहिलं तर तुम्हाला विचारावं लागतं, कोण घेत होतं. एक शब्द हाय साहेब. बिलकुल एकच."

अधिकारी हसले. खरंच हसले, चांगल्या मनानं हसले, म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाला हसावं तसं. म्हणाले, अहवालाची एक भाषा असते. भुजंगराव उठले. सही केली नाही. टेबलावरचा तो तुकडा त्यांनी उचलला, हातात तोलला, आणि मला वाटलं आता हा मॅनेजरांच्या डोक्यात बसतो. पण त्यांनी तो परत जागेवर ठेवला. अहवालात ते वाक्य तसंच राहिलं. भुजंगरावांना दुसऱ्या दिवसापासून गेट बंद झालं.

किसनच्या घरच्यांना दिलासा म्हणून त्याच्या भावाला, नामदेवला, नोकरी दिली. नोकरी कुठली? माचीवरची. दोन नंबर मोडली होती म्हणून एक नंबरवर. एक नंबरचंही अस्तर ठिगळाचंच होतं आणि तिच्याही घंटीची तार लोंबत होती, पण तिच्यापुढं रांगोळी काढली, नारळ फोडला, भट्टी सुरू केली आणि यार्डात पेढे वाटायला घेतले.

भुजंगराव त्या दिवशी आले. वॉचमन पेढ्यांच्या पंगतीत होता. ते नेहमीसारखे काट्यावर उभे राहिले आणि खिडकीतून म्हणाले, "किती?"

आकडा सत्तरवरून बराच खाली आला होता. मी सांगितला.

"बराबर हाय," म्हणाले आणि सरळ शेडच्या मागच्या बाजूला गेले.

थोड्या वेळानं घंटी सुरू झाली. ती काही मंजुळ घंटी नाही, डोक्यात खिळा ठोकल्यासारखा आवाज आहे तो. पेढे हातात घेऊन लोक एकमेकांकडं पाहू लागले. दोन वॉचमन भुजंगरावांना दंडाला धरून मागून घेऊन आले. लोंबती तार जोडताना त्यांच्या हाताला काळं लागलं होतं. बोलायचं ते घंटी बोलत होती.

माचीवरून पहिला नामदेव उतरला. सळई खाली ठेवली आणि शिडी उतरून यार्डात येऊन उभा राहिला. मग दुसरा उतरला, मग बाकीचे. मॅनेजर हात हलवत पुढं आले. "अरे, खोटी वाजतेय ती. मागं बी वाजली होती. चला, चढा जल्दी. काही होत नाही, चालतंय."

नामदेव तिशीतला माणूस, दोन लेकरांचा बाप, त्या नोकरीवर आता दोन घरं. त्यानं आधी खाली पाहिलं. मग त्यानं हात कमरेवर ठेवले, डोळे मोठे केले, आणि विचारलं, "चालून राह्यलं का तुमी चालवून घेऊन राह्यले, साहेब?"

ती किसननं घरी केलेली नक्कल होती. हुबेहूब मामांची. कोणीही हसलं नाही. भुजंगराव वॉचमनच्या हातात तसेच थांबले, आणि त्यांचा चेहरा मला त्या एका क्षणी पाहवला नाही.

वॉचमननी त्यांना गेटाबाहेर काढलं. कोणी तरी तार तोडली, घंटी थांबली, पण माचीवर कोणी चढेना. मॅनेजर ओरडून थकले. ठेकेदार दुसरी माणसं आणतो म्हणाला, त्याची दुसरी माणसंही त्याच यार्डात उभी होती. दिवस कलायच्या आत मालकांचा फोन आला आणि भट्टी थंड करायला सांगितली.

थंड झाल्यावर अस्तर तोडायला घेतलं तेव्हा भुजंगराव पुन्हा आले होते. आत येऊ देत नव्हते म्हणून बाहेर गेटाच्या गजांना धरून उभे होते, मान जरा तिरपी, उजवा कान आत लावून. शेडमधून घणांचा आवाज येत होता. एका जागी अस्तर इतकं पातळ निघालं होतं की मागचं तांबं दिसत होतं, आणि ते सांगायला मी धावतच गेटापाशी गेलो. मला वाटलं, एवढं तरी त्यांना मिळालं पाहिजे.

"मामा, पातळ निघालं, तांबं दिसून राह्यलं. नवं अस्तर बसवून राह्यले. घंटी बी नवी आणलीय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत ते माझ्यावर अनेकदा ओरडले होते, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किसन गेल्यावर," ते म्हणाले.

गजांवरचे हात त्यांनी सोडले, काळे झालेले तळवे पँटीला पुसले आणि रस्ता ओलांडून परतूरच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले.